हायमसाहेबांची दुखणी

पनवेलच्या इस्रायल आळीत हायम आपटेकर कायमचे राहायला आले, तेव्हा त्यांचं वय पंचावन्न होतं आणि तब्येत ठणठणीत होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढच्या दीड वर्षात त्यांना एकामागून एक जी दुखणी जडली, ती ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस मुळातच नाजूक असणार.

मुंबईला गोदीच्या कचेरीत त्यांनी सारी नोकरी काढली आणि हेडक्लार्क होऊन बावन्न साली निवृत्त झाले. कचेरीत त्यांचा दरारा होता. कुणी प्रवासभत्त्यात दोन आणे जास्त लावले, की हायमसाहेब त्याला टेबलासमोर उभं करून असे काही प्रश्न विचारत, की पुढच्या वेळी तो माणूस आपल्याच खिशातले दोन आणे घालून मोकळा होई. घरात मात्र पैसा बथशेबाबाईंच्या हाती. पगाराचं पाकीट न उघडता बायकोला द्यायचं आणि लागेल तसं मागून घ्यायचं, ही लग्नापासूनची वहिवाट होती आणि तिच्याविषयी त्यांची काही तक्रारही नव्हती.

फंडाचे पैसे यायचे होते, तेव्हाच बाईंनी मनाशी त्यांची वाटणी करून टाकली होती. घराची कौलं बदलायची, मुलगी सोफी मुंबईला शाळेत शिकवत होती तिच्या लग्नासाठी थोडे बाजूला काढायचे, उरलेले पोस्टात. हायमसाहेब शेवटची सही करायला म्हणून मुंबईला गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आळीच्या तोंडाशी बकरी ओरडावी तसा एक आवाज झाला. लोक बाहेर आले. तो मोटारीचा भोंगा होता, आणि मोटारीत टाय लावून हायमसाहेब बसले होते.

गाडी लढाईच्या आधीची, विलायती, शेवाळी रंगाची. माटुंग्याचे कुणी गृहस्थ परदेशी चालले होते, त्यांच्याकडून अठराशे रुपयांना घेतलेली. चालवायला हायमसाहेब लढाईच्या काळात गोदीतल्या लष्करी ट्रकवर शिकले होते, त्यामुळे ते वळणावर सगळं अंग झोकून स्टिअरिंग फिरवत.

बथशेबाबाई पायरी उतरून खाली आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. त्या पेणच्या, वडिलांचा तेलाचा घाणा होता, घरात बैल होते. त्यांनी विचारलं, "हिला खायला काय लागतं?"

"पेट्रोल," हायमसाहेब म्हणाले. "फक्त पेट्रोल. तेही बेतानं."

मग त्यांनी हेडक्लार्कच्या सुरात सगळं समजावून सांगितलं. टांग्याचं भाडं वाचेल, मुंबईच्या बसचं वाचेल, पाहुण्यांना आणायला-सोडायला लागतं ते वाचेल. चार-पाच वर्षांत गाडी आपले पैसे आपणच फेडेल आणि त्यानंतर फुकटात पळेल. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, हेच हायमसाहेबांना जरा विचित्र वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, की ठीक आहे, पेट्रोलचे पैसे घरखर्चातून देईन. पण फक्त पेट्रोलचे. तुम्हीच फक्त म्हणालात.

पहिला पाऊस सरेपर्यंत सगळं छान चाललं. गाडी ठेवायला हायमसाहेबांनी बैलगाड्या बनवणाऱ्या एका सुताराच्या वखारीत जागा धरली होती. तिचं भाडं ते आपल्या पानसुपारीच्या पैशांतून गुपचूप देत. शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत त्यांच्या यहुदी धर्माप्रमाणे गाडीला हात लावायचा नाही. रविवारी मात्र बाईंना शेजारी बसवून पुण्याच्या रस्त्यानं फेरी. रस्त्यात कुणी ओळखीचा भेटला की भोंगा.

दिवाळीच्या सुमारास गाडीची बॅटरी बसली. पुण्याच्या रस्त्यावर भगवान मिस्त्रीचं गॅरेज होतं. तो म्हणाला, नवीनच घालावी लागेल, आणि आकडा सांगितला. हायमसाहेबांचा चेहरा पडला. पानसुपारीच्या पैशांत बॅटरी बसत नव्हती, आणि 'फक्त' हा शब्द त्यांच्याच तोंडून गेला होता. घरी येईपर्यंत त्यांनी विचार केला आणि ओटीवर टेकता टेकता डोळे चोळले. म्हणाले, हल्ली अक्षरं दोन दोन दिसतात, नवा चष्मा करायला हवा, मुंबईहून चांगल्या काचेचा. बाईंनी कपाट उघडून पैसे काढून दिले.

इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुढे चष्म्याचं काय झालं असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की येताना लाँचमधून खाडीत पडला. बाई हळहळल्या.

मग रेडिएटर गळायला लागला. त्यावेळी हायमसाहेबांची दाढ काढावी लागली. गालात कापूस धरून ते दोन दिवस बोबडं बोलत होते. त्यानंतर मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले. टायर म्हणजे मोठी रक्कम, तिला शोभेल असं दुखणं हवं, आणि ते बायकोनं फार खोदून विचारू नये असंही हवं. पुष्कळ विचार करून हायमसाहेबांनी मूळव्याध निवडला. बाईंनी खरंच काही विचारलं नाही. वर्षाचा सरकारी कर आणि विम्याचा हप्ता एकदमच आले, तेव्हा मात्र साधं दुखणं पुरणार नव्हतं. हायमसाहेबांच्या छातीत धडधडू लागलं, त्यासाठी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागलं आणि तिथून महागाचं टॉनिक आणावं लागलं. बाटली त्यांनी बाजारातून आणली होती. तिच्यात कोकमाचं सरबत होतं.

इथपर्यंत हायमसाहेब खुशीत होते. कचेरीत लोक खोटे खर्च कसे लावतात ते त्यांनी बत्तीस वर्षं पाहिलं होतं. त्यांच्यापैकी कुणालाही आपल्याइतकं नीट जमलं नव्हतं, असं त्यांना आरशात बघताना वाटे.

पण बथशेबाबाई काळजी घ्यायला लागल्या.

काळजाचा आजार म्हणजे तेलतूप बंद. नारळाच्या दुधातलं मटण बंद, तळलेला रावस बंद. सकाळी भाताची पेज, दुपारी मुगाचं पातळ वरण, संध्याकाळी पुन्हा पेज. मूळव्याधासाठी त्यांनी कापसाची एक गोल उशी शिवली, मधे भोक असलेली. ती त्या स्वतः हातात घेऊन शनिवारी मशिदीत आल्या. पनवेलचे इस्रायली आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. सगळ्यांच्या देखत त्यांनी ती पुरुषांच्या बाकावर, हायमसाहेबांच्या जागी ठेवली. आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली, तीत हायमसाहेबांचं नाव घेतलं गेलं, आणि ते उशीवर बसून खाली मान घालून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवसापासून आळीतली माणसं संत्री घेऊन यायला लागली. आलेला प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारी, आता बसताना त्रास होतो का.

महिन्याभरात हायमसाहेबांचा कोट सैल झाला. पेजेचं भांडं दिसलं की त्यांना खरंच छातीत धडधडे.

अशा दिवसांत त्यांना काशीराम आठवला. काशीराम कोन गावचा, लहानपणी पनवेलच्या शाळेत त्यांच्या शेजारी बसणारा. त्याची भातशेती होती आणि खाडीकडच्या मिठागरात वाटा होता. त्याची बायको गंगाबाई बोय माशाचं कालवण करी, कैरी घालून, आणि सोबत तांदळाची भाकरी. खवले नसलेली मासळी इस्रायली खात नाहीत हे तिला ठाऊक होतं, म्हणून हायमसाहेब यायचे असले की कोळंबी घरातच आणत नसे. कोन फार लांब नव्हतं. हायमसाहेब एका सकाळी मोकळ्या हवेत फेरी मारून येतो म्हणून निघाले ते कोनला जाऊन पोटभर जेवले, तृप्त होऊन परतले आणि रात्रीची पेजही तक्रार न करता प्यायले.

आता गंमत अशी झाली, की कोनला जायचं तर पेट्रोल जास्त लागे. आठवड्याला ठरलेल्या पेट्रोलात दोन-तीन कालवणं बसत नसत. शिवाय कोनकडे वळल्यावर पुढे बैलगाडीची वाट, दगडगोट्यांची, तिच्यावर गाडीचे सांधे खिळखिळे होत. खर्च वाढला म्हणून दुखणं वाढवावं लागे. दुखणं वाढलं की बाई पथ्य वाढवत. पथ्य वाढलं की कोनला जाणं भाग पडे. हायमसाहेबांना हे कळत होतं, पण कुठून तोडावं ते सुचत नव्हतं. सांधेदुखी, डोकं गरगरणं, हातापायांची आग, असं करता करता त्यांच्याजवळ सांगण्यासारखे अवयव संपत आले.

शेवटी गाडीनंच ते तोडलं. चैत्रातली गोष्ट. हायमसाहेब जेवून कोनहून निघाले आणि गावच्या वेशीजवळ एका खड्ड्यात मागच्या स्प्रिंगचा पाटा मोडला. गाडी एका अंगावर कलून बसली. काशीराम धावत आला, त्यानं पाहिलं, आणि गोठ्यातून बैल सोडून आणले. गाडीखाली लाकडाचा ओंडका बांधून, पुढे बैलजोडी जुंपून तो चालत निघाला. स्टिअरिंग धरायला हायमसाहेबांना आत बसावंच लागलं. पनवेलच्या बाजारातून ती वरात गेली तेव्हा पाच वाजले होते, म्हणजे बाजार भरात होता. टांगेवाल्यांनी टांगे बाजूला घेऊन सलाम केले. एका दुकानदारानं गूळ आणून बैलांना चारला. हायमसाहेब समोर बघत राहिले, टाय लावून.

बथशेबाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी काशीरामाला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि बैलांचं भाडं किती झालं ते विचारलं. काशीरामानं कानाला हात लावले. म्हणाला, सायेब आमच्या घरचा माणूस, त्याचं भाडं कसलं.

"आन् बाय, येक सांगू?" तो पुढे म्हणाला. "सायबाची तब्येत आता झ्याक हाय. आमच्याकडं आठवड्यातनं दोनदा जेवतात. आज तर तीन भाकऱ्या खाल्ल्या."

बाई म्हणाल्या, फार बरं वाटलं ऐकून.

त्या संध्याकाळी त्यांनी नारळाच्या दुधातलं मटण केलं. पांढरा भात केला. हायमसाहेबांच्या ताटात वाढून त्या समोर बसल्या. हायमसाहेबांना मटणाचा वास येत होता, पण हात पुढे जात नव्हता.

"जेवा," बाई म्हणाल्या. "आज सगळी दुखणी बरी झाली आहेत तुमची. चष्मा म्हणजे काय होतं?"

हायमसाहेबांनी ताटाकडे बघितलं. "बॅटरी."

"दाढ?"

"रेडिएटर."

"आणि मूळव्याध?"

"टायर," ते हळूच म्हणाले. "दोन."

"काळीज मग सरकारचा कर असणार."

"कर आणि विमा."

बाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक डाव रस्सा वाढला. हायमसाहेबांनी विचारलं, कधीपासून कळलं. बाई म्हणाल्या, दाढ काढलेला माणूस त्याच बाजूनं सुपारी चघळत होता तेव्हा शंका आली. मग मूळव्याधावर काय पथ्य करावं ते विचारायला त्या आळीतल्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, हायमसाहेबांना ते इथं राहायला आल्यापासून मी एकदाही तपासलेलं नाही. उशी शिवली ती त्यानंतर.

हायमसाहेबांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांना वाटलं, आता सुटलो. पण बाईंचं अजून संपलं नव्हतं. दुखण्यांसाठी दिलेले पैसे त्यांच्या डोक्यात होते, पेट्रोलचे होते, वखारीचं भाडंही होतं, कारण सुताराची बायको त्यांच्याकडेच पापड लाटायला येई. सगळे मिळून हजाराच्या घरात गेले होते. एवढ्या काळात गाडी खरोखरीच्या कामाला किती वेळा बाहेर पडली, तर नव्वद वेळा. म्हणजे खेपेला अकरा रुपये. बाजारात जायला टांगा सहा आणे घेतो.

"अकरा नाही होणार," हायमसाहेब म्हणाले. हेडक्लार्क जागा झाला होता.

"नाहीच. मी भगवानला विचारलं, आज विकली तर काय येतील. नऊशे म्हणाला. अठराशेची वस्तू नऊशेवर आली, मग मधले नऊशे कुणी खाल्ले? तेही तिनंच ना? ते धरा. एकवीस होतात."

हायमसाहेबांचा घास हातातच राहिला. आयुष्यभर त्यांनी लोकांचे हिशेब तपासले होते, पण उभ्या उभ्या वस्तूची किंमत उतरते ती आपण रोज थोडी थोडी देत असतो, हे त्यांनी स्वतःच्या बाबतीत कधी मनातही आणलं नव्हतं. एकवीस रुपये खेपेला. त्यात कोनची कालवणं धरलेली नव्हती. ती बाईंनी मोठ्या मनानं सोडून दिली होती.

खाली मान घालून ते म्हणाले, की उद्याच गाडी विकायला काढतो.

बाई म्हणाल्या, विकायची नाही. "आमच्या घाण्याचा बैल शनिवारी उभा असायचा. पण वैरण शनिवारीही खायचाच. बाबा म्हणायचे, तो सहा दिवस फिरतो म्हणून सातवा परवडतो. तुमची गाडी एक दिवस फिरते आणि सहा दिवस उभ्यानं खाते. कर तसाच, विमा तसाच, भाडं तसंच. ती फिरली पाहिजे."

"कुठे फिरवू?"

"लग्नांना," बाई म्हणाल्या. त्यांचं ठरलेलं होतं.

त्या वैशाखात खाडीकाठच्या गावांत पहिल्यांदाच नवरे मोटारीतून मिरवले. सुरुवात काशीरामाच्या मुलापासून, रामूपासून झाली. बाईंनी दर बांधून दिला. त्यात पेट्रोल होतं, टायरची झीज होती, हळदीचे डाग पडले तर सीट धुण्याचे पैसे होते, आणि साहेबांच्या श्रमाचे दोन रुपयेही होते. काशीरामाला त्यांनी सवलत दिली. ती का, ते सांगितलं नाही. हायमसाहेब गोदीतला जुना सूट घालून गाडी हाकत. नवरा, करवल्या, मामा, मामाची पोरं अशी अकरा-बारा माणसं आत बसत, दोघं पायदानावर उभी राहत. बँडवाले पुढे चालत, त्यामुळे वेग माणसाच्या चालीचा. गाडीवर अक्षता पडत, त्या बॉनेटच्या फटींतून आत जात आणि इंजिन तापलं की भाजक्या तांदळाचा वास येई. कचेरीतल्या कुणी आपल्याला असं पाहिलं तर काय, ही धास्ती हायमसाहेबांना पहिल्या दोन लग्नांत वाटली. तिसऱ्या लग्नात त्यांना फेटा बांधला आणि मानाचा नारळ दिला. त्यानंतर धास्ती गेली.

मिळकत हातात आल्यावर बाईंनी दुसरी गोष्ट काढली. या गाडीच्या पायी मी तुमची सोळा दुखणी सोसली, तेव्हा तिचं अर्धं स्टिअरिंग माझं. हायमसाहेबांना नाही म्हणायला तोंड नव्हतं. रोडपालीकडच्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी शिकवणी सुरू झाली. हायमसाहेब शेजारी बसून कारकुनाला झापावं तसं झापत. क्लच आधी, क्लच. अहो बाई, तो ब्रेक. चौथ्या दिवशी बाईंनी गाडी थांबवली आणि त्यांना उतरून मागे बसायला सांगितलं. म्हणाल्या, तिथून जे सांगायचं ते सांगा, मला इंजिनाच्या आवाजात ऐकू येणार नाही. मग त्या लवकर शिकल्या. लायसन्स द्यायला आलेल्या साहेबानं त्यांना वळणावर गाडी मागे घ्यायला लावली, दोनदा लावली, आणि मग सही केली. तेव्हा बाई पन्नाशीला आल्या होत्या.

पुढच्या हंगामात रोडपालीचं एक लग्न धरलं होतं. त्या दिवशी पहाटे गाडी सुरू होईना म्हणून हायमसाहेब पुढून हँडल मारायला वाकले. हँडल उलटं आलं आणि त्यांच्या कमरेत अशी लचक भरली की ते तिथंच वाकून राहिले. भिंतीला धरून धरून घरी आले. बाईंना म्हणाले, कंबर गेली.

बाई वेणी घालत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "कुठला पार्ट?"

"पार्ट नाही. माझी कंबर."

"किती पैसे हवेत?"

हायमसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचं होतंच, पण त्याहून जास्त, खरं दुखणं सांगायची सोयच आपण ठेवली नाही या गोष्टीचं. ते तसेच खाली बसले आणि त्यांना परत उठता येईना. तेव्हा मात्र बाईंनी वेणी अर्धी टाकली. त्यांना धरून पलंगावर निजवलं, कमरेला तेल चोळलं, गरम विटेनं शेकलं. मग म्हणाल्या, पुन्हा खोटं आजारी पडू नका, मला ओळखता येईनासं होईल. त्यांनी डॉक्टरांना बोलावणं पाठवलं, शेजारणीला बसवलं, उरलेली वेणी घातली आणि वखारीकडे गेल्या. लग्न धरलेलं होतं.

रोडपालीला गाडी पोचली आणि मांडवात चुळबुळ झाली. नवऱ्याचा चुलता पुढे आला. म्हणाला, सायेब कुठं हाय, बाय माणसानं हाकलेल्या गाडीत नवरा बसणार नाय, लोक हसतील. बाई खाली उतरल्या नाहीत. म्हणाल्या, साहेब आजारी आहेत, पैसे परत देते, बैलगाडी बघा. चुलता इकडे तिकडे बघायला लागला. एवढ्यात नवऱ्याची आजी, सोनाबाई, काठी टेकत आली. तिला ऐकू कमी यायचं, पण काय चाललंय ते तिनं पाहिलं होतं.

"सरक," ती चुलत्याला म्हणाली. "आमी बायांनी जन्मभर डोक्यावर मीठ वायलं, तवा कोण नाय हसला." आणि ती पुढचं दार उघडून बाईंच्या शेजारी बसली.

आजी बसल्यावर नवऱ्याला बसावंच लागलं. त्या दिवशी वाटेतल्या गावांतल्या बाया ओट्यांवर, बांधांवर उभ्या राहिल्या त्या नवऱ्याला बघायला नव्हेच. एका पाणवठ्यावर तर साऱ्याजणी हंडे खाली ठेवून गाडीबरोबर चालायला लागल्या आणि बँडवाले मागे पडले. सोनाबाई खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना आशीर्वाद देत होती. बथशेबाबाईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, घाम डोळ्यांत जात होता, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. नवरीकडच्या मांडवाच्या दारात त्यांनी गाडी थांबवली ती अशी, की नवऱ्याचं पाऊल सरळ पायघडीवर पडलं. बाईंना जन्मभर कशाचा अभिमान वाटला असेल तर त्या थांबण्याचा.

त्यानंतर लोक लग्न ठरवताना विचारायला लागले, गाडी बाय आणणार की सायेब. बाई आणणार असतील तर दोन रुपये जास्त द्यायची तयारी असे. हायमसाहेबांना हे लागलं, पण पैसे घरातच येत होते. आणि एका वर्षी, हंगाम संपल्यावर, बाईंनी ओटीवर बसून सगळं तोंडानं मांडलं. कर, विमा, टायर, भाडं, भगवान मिस्त्री, उतरलेली किंमतसुद्धा. गाडीनं खाल्लं तेवढंच कमावलं होतं. फायदा एक पैचा नव्हता. पण रविवारची पुण्याच्या रस्त्यावरची फेरी आता खरंच फुकट होती, आणि हायमसाहेबांनी त्या संध्याकाळी सबंध रस्ताभर भोंगा वाजवला.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग पनवेलला टॅक्सी आल्या, लग्नांना त्या स्वस्त पडायला लागल्या. हायमसाहेबांनी साठी ओलांडली. सोफीचं लग्न झालं आणि जावयानं इस्रायलला जायचं ठरवलं. आळीतली चार घरं आधीच गेली होती. त्याच सुमाराला काशीरामाची थोडी जमीन रस्त्यात गेली, त्याचे पैसे आले, आणि तो गाडी मागायला आला. हायमसाहेबांनी त्याला पुढ्यात बसवून सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. अक्षतांनी इंजिनाची काय गत झाली तेही सांगितलं. काशीरामानं शेवटी एवढंच विचारलं, की भोंगा गाडीबरोबरच मिळेल ना. पाचशे रुपयांत सौदा झाला. ते पैसे बाईंनी सोफीच्या हातात ठेवले.

सोफीला सांताक्रूझच्या विमानतळावर पोचवून दोघं एसटीनं परत निघाली. ठाण्याला बस बदलली. बथशेबाबाई ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या. विमानतळापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. हायमसाहेबांनी दोनदा पाणी विचारलं, एकदा शेंगा घेऊन दिल्या. पुडी तशीच त्यांच्या मांडीवर होती.

मुंब्र्याच्या चढणीवर बस धापा टाकायला लागली. ड्रायव्हर नवा पोरगा होता. तो वरच्याच गिअरमधे रेटत होता, इंजिन आचके देत होतं आणि सगळी बस थरथरत होती. बाईंची मान वर झाली. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पुढे वाकून त्या ड्रायव्हरच्या कानाशी म्हणाल्या, "दुसरा टाक, बाळ. मरेल ती अशानं."

पोरानं चमकून मागे पाहिलं. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर शेंगांची पुडी. त्यानं दुसरा टाकला. बस सावरली आणि सरळ चढायला लागली. मागून कुणीतरी हसलं. पोरानं समोर बघत विचारलं, आजी, तुमच्याकडे गाडी आहे का.

"होती," बथशेबाबाई म्हणाल्या. त्यांनी पुडी सोडली, निम्म्या शेंगा हायमसाहेबांच्या ओंजळीत ओतल्या, आणि ती नेमकी कशी होती ते ड्रायव्हरला सांगायला लागल्या.